कासऱ्यात न आलेला तुकडा

जळबा खिल्लारेनं डोंगराच्या पल्याड बाई ठेवली आहे, अशी एक गोष्ट खडकदरीत कुजबुजीत फिरायची.

कुजबुजीत एवढ्यासाठी, की जळबा अंगानं आडदांड आणि त्याच्या खांद्यावर बहुतेक वेळा कुदळ. तो समोरून येताना दिसला की पारावरची माणसं एकदम पाऊसपाण्याचं बोलायला लागायची, मग महिना चैत्राचा का असेना. तो वळणाआड गेला की पुन्हा मूळ विषय.

पुरावे भक्कम होते. पहिला गुरुवारचा. दर गुरुवारी ढोरं सुटायच्या वेळेला जळबा भाकर बांधून, कमरेला कोयता खोचून एकटाच डोंगर चढायचा आणि ऊन कलल्यावर उतरायचा. वाटेच्या पायथ्याशी भिकाबाईचं घर. तिच्या ओट्यावर बसलं की चढणारा-उतरणारा हरेक माणूस दिसायचा, त्यामुळं गावाचं निम्मं पोलीस ठाणं तिथंच भरलेलं असायचं. दुसरा पुरावाही तिनंच हुडकला. जळबा परत यायचा तेव्हा त्याच्या सदऱ्याला काळी लोकर चिकटलेली असायची.

"आपल्या अख्ख्या वस्तीत घोंगडं न्हाई एकाच्या घरी," भिकाबाई म्हणायची. "आपुन सारे गोधडीवाले. मंग ही लोकर काय वाऱ्यानं उडून येऊन राहिली?"

तिसरा पुरावा म्हणजे वाट. डोंगरमाथ्यावर साठ-सत्तर पावलांचा एक तुकडा असा काही साफ होता, की अनवाणी चाललं तरी खडा टोचू नये. तो जळबा एकटा राखायचा. आता कुणी न सांगता, कुणी हार न घालता, दर आठवड्याला डोंगरावर जाऊन फुकट दगड कोण उचलतं? खडकदरीच्या माहितीतला असा एकही माणूस नव्हता. म्हणजे बाई असलीच पाहिजे.

डोंगर तसा मोठा नव्हता. औंढ्याकडच्या डोंगरांत त्याला कुणी नाव द्यायची तकलीफसुद्धा घेतली नव्हती. पण खडकदरी त्याच्या ह्या अंगाला आणि जवळा बाजारची सडक त्या अंगाला. सरळ चढून उतरलं की दीड तासात मेंढरंवाल्यांची धारवाडी, तिच्या खाली सडक, सडकेवर जीप. फिरून जायचं तर सोळा मैल, त्यात मध्ये बिनपुलाचा ओढा. मृगापासून दिवाळीपर्यंत ओढ्याची मर्जी असेल त्या दिवशी माणूस पार व्हायचा. बाजार, दवाखाना, आठवीच्या पुढची शाळा, सगळं त्या डोंगरवाटेनं. सरकारच्या कुठल्या कागदावर ती वाट नव्हती, म्हणून ती गावालाच राखावी लागायची.

होळी झाली की पाडव्याच्या आत तीन दिवस काम चालायचं. घरटी एक माणूस. कुदळ, पहार, कोयता, घमेलं ज्याचं त्यानं आणायचं. घाणेरीची झुडपं छाटायची, पावसानं उकरलेल्या जागी दगड बसवायचे, पाणी वाटेवरून धावू नये म्हणून आडवे चर खणायचे. तिकडून धारवाडीचे लोक आपल्या अंगानं तेच करत वर यायचे. कामापेक्षा भांडणं जास्त व्हायची. अमक्यानं दोन दगड उचलले, तमका नुसता तंबाखू मळत बसला. शेवटी एक्क्याण्णव साली जळबानं तोड काढली, घराला चार कासरे.

कासरा म्हणजे बैलाला बांधायचा लांब दोर. जळबा अंबाडीचे दोर वळण्यात वस्ताद. त्याच्या हातचा कासरा बैल म्हातारा झाला तरी तुटायचा नाही. त्यानं नवा करकरीत कासरा घेतला, मार्गशीर्षातल्या एका पहाटे दव पडलेल्या गवतातून तो ओढत ओढत वाट मापली आणि चाळीस घरांना वाटून दिली. शेवटच्या घराचं माप संपलं ते माथ्यावरच्या अंजनाच्या झाडापाशी. जळबानं झाडाला चुन्याचं बोट लावलं. धारवाडीवाल्यांनी आपल्या अंगानं आपला दोर लावला. त्यांचं माप एका काळ्या धोंड्यापाशी सरलं. अंजन आणि धोंडा यांच्यामध्ये तो साठ-सत्तर पावलांचा तुकडा उरला. ह्यांच्या मते तो त्यांचा, त्यांच्या मते ह्यांचा.

पहिली दोन वर्षं त्यानं कुणाचं काही अडलं नाही, कारण तिथं नुसता खडक होता. मग पावसानं कडेची माती नेली, मध्ये घळ पडली आणि घळीत घाणेरी माजली. लोकांना ती एक वार्षिक गंमतच झाली. काम संपवून दोन्ही टोळ्या माथ्यावर यायच्या आणि घळीच्या दोन काठांवर उभं राहून एकमेकांची टर उडवायच्या.

"ए मेंढकेहो!" इकडून धम्मानंद ओरडायचा. तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटली होती आणि टोळीत त्याचाच आवाज सगळ्यात मोठा. "तुमची घाणेरी आमच्या अंगावर येऊन राहिली की!"

तिकडून धारवाडीचा रामकिशन, ताडमाड गडी, काठीवर हनुवटी टेकून म्हणायचा, "आमची? जवळ्याला जाऊन डोळे तपासून घ्या. तुमच्या अंजनाखालची हाये ती!"

"आमचा कासरा अंजनापाशी सरला!"

"आन् आमचा धोंड्यापाशी! आता तुमीच सांगा जळबादादा, मधल्यात काय भुतं राहतेत?"

जळबाही हसायचा. माप त्याचं होतं, त्याला खात्री होती. मग सगळे आपापल्या अंगानं उतरायचे. त्या साठ-सत्तर पावलांवरून बाजाराला जाणारी माणसं धोतर-लुगडी सावरत, कडेच्या दगडाला धरून कशीबशी जायची. मोकळ्या हातापायांच्या माणसाला जमण्यासारखं होतं ते.

शहाण्णव साली, भाद्रपदात, जळबाच्या ज्योतीला मूग तोडताना परड चावली. घोणसेला तिकडं परड म्हणतात. ज्योती सतरा वर्षांची होती, एकुलती. ओढा भरून चालला होता. पायाला फडकं बांधलं, बाज उलटी करून तिच्यावर तिला निजवलं, आणि चौघांनी खांदा दिला. त्यात धम्मानंद एक. जळबा पुढं कोयता घेऊन. अंजनापर्यंत ते पाऊण तासात पोचले, इतक्या वेगानं ती वाट कुणी चढलं नसेल. अंजनापाशी थांबले. माणूस जात होता, बाज जात नव्हती. घळीत बाज आडवी बसेना, उभी करता येईना, आणि दोन्ही बाजूंनी घाणेरी. जळबा तोडत सुटला. ओली घाणेरी कोयत्याखाली नुसती वाकते. त्याचा हात फाटला ते त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

"बाबा, आलं का?" ज्योतीनं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

त्या साठ-सत्तर पावलांना पावणेदोन तास लागले. धारवाडीतलं पहिलं घर रामकिशनच्या म्हाताऱ्या आईचं, चांगुणाबाईचं. तिच्या ओसरीत बाज टेकवली. चांगुणाबाईनं ज्योतीच्या तोंडाला पाणी लावलं, ते बाहेर आलं. खाली सडकेवर जीप उभी होती. ड्रायव्हर भोंगा वाजवून राहिला होता. कुणीतरी खाली जाऊन त्याला आता थांबू नको म्हणून सांगितलं.

जळबा रडला नाही. रडेल म्हणून लोक आठ दिवस येऊन बसले, चहा पिऊन गेले. बुद्धवंदना झाली, जलदानाचा विधी झाला, तो सगळ्या वेळी जागच्या जागी बसून होता. त्याच्या बायकोनं, पद्माबाईनं, एके दिवशी विसरून वरणात मीठ घातलं नाही. तो जेवला. चुकून का मुद्दाम कुणास ठाऊक, दुसऱ्या दिवशी दुप्पट घातलं. तेही जेवला. पद्माबाईनं ताट उचललं आणि त्यानंतर कधी त्याला जेवण कसं झालंय म्हणून विचारलं नाही. दोघं एका घरात राहत होती आणि दोघांचं एकमेकांवाचून काही अडत नव्हतं, एवढंच.

पुसाच्या महिन्यात, एका गुरुवारी, जळबा तोच कासरा घेऊन डोंगरावर गेला. भर दुपार, ऊन कडक, दोर खडखडीत वाळलेला. पायथ्यापासून त्यानं पुन्हा माप घेतलं, एकट्यानं, दर खेपेला दोराच्या टोकावर दगड ठेवून. दिवस मावळेपर्यंत वेळ लागला. चाळीस घरांचे एकशेसाठ कासरे अंजनापाशी सरले नाहीत. ते पुढं गेले, घळ ओलांडून, बराबर काळ्या धोंड्याला जाऊन टेकले.

भिजलेला दोर आखडतो, हे बैल राखणाऱ्या कुठल्याही माणसाला ठाऊक असतं. पावसात दावं करकचलं तर अर्ध्या झोपेतून उठून ते सैल करावं लागतं. जळबालाही ठाऊक होतं. पाच वर्षांपूर्वीच्या त्या पहाटे तो दवातून दोर ओढत होता, तेव्हा आठवलं नव्हतं, इतकंच.

त्यानं कासरा गुंडाळला, खांद्यावर टाकला, खाली आला आणि जेवला. कुणाला काही सांगितलं नाही. आता कुणी म्हणेल, तेव्हाच सांगायला काय झालं होतं? पण सांगण्यासाठी आत काहीतरी हलावं लागतं, आणि जळबाच्या आत काही हलत नव्हतं. तो स्वतःशीसुद्धा असं म्हणाला नाही की, हे माझ्यामुळं झालं. त्याला एवढंच दिसलं की तुकडा आपला आहे. पुढच्या गुरुवारी तो कुदळ घेऊन गेला.

त्यानं घळ भरली, कडेनं दगडांचा बांध घातला, घाणेरी मुळासकट उपटली. घाणेरी पुन्हा यायची, तो पुन्हा जायचा. काम झालं की तो पल्याड उतरायचा आणि चांगुणाबाईच्या ओसरीत बसायचा. म्हातारी त्याला ताक द्यायची. पहिल्या वर्षी त्याचा पेला वळचणीला वेगळा खोसलेला असायचा. पुढं कधीतरी तो पेला हरवला आणि कुणी शोधला नाही.

त्यापुढचं भिकाबाईच्या ओट्यावर रचलं जायचं. तिथं बाई दर सहा महिन्यांनी बदलायची. आधी ती धारवाडीची विधवा होती, मग कळमनुरीकडून पळून आलेली एक गोरीपान झाली, मग तिला एक लेकरूही झालं. जळब्याचं नाक आहे म्हणे त्याला. नव्याण्णव साली हिंगोली वेगळा जिल्हा झाला, गावाचा पत्ता बदलला, आणि त्याच सुमारास पल्याडच्या लेकराला दुसरा भाऊ झाला. ओट्यावर सगळ्या गोष्टींची वेळच्या वेळी वाढ होत होती.

हे सगळं गमतीत चाललं तोवर ठीक होतं. दोन हजार दोन साली होळी झाली आणि वाटेच्या कामाला कुणी आलंच नाही.

जळबा पायथ्याशी उभा राहिला. एक तास गेला. मग तो पारावर आला. धम्मानंद चहाची बशी फुंकत बसला होता. आता त्याचं लग्न झालं होतं आणि गावात त्याच्या शब्दाला वजन आलं होतं.

"काय रे, येऊन नाही राहिले?" जळबानं विचारलं.

"न्हाई काका," धम्मानंद म्हणाला, आणि बाकीच्यांकडं बघून डोळा घातला. "तुमच्या सासुरवाडीला जायाची वाट. आमी काहून झाडायची?"

पारावर हशा पिकला. जळबानं हशा संपेपर्यंत वाट पाहिली, जसं एखाद्याचं खोकणं थांबेपर्यंत थांबावं.

"पाऊस यील," तो म्हणाला.

"यील तं यील. चालतेत न्हवं लोक? गेली पाच वर्षं आमचं कुठं अडलं? माथ्यावरचं तुमीच करता की. आता पुढचंही तुमीच करा."

जळबा गेला. तीन दिवस त्यानं एकट्यानं काम केलं. आपल्या घरचे चार कासरे झाले, शेजारच्याचे दोन झाले. बाकी सारी वाट तशीच. मधले चर बुजलेले, वरच्या वळणावर बांध सुटलेला. एक पावसाळा असाच गेला तर पाणी थेट वाटेवरून धावणार, आणि पुढच्या होळीला दुरुस्त करण्यासारखं काही उरणार नाही, हे त्याला बोटाच्या पेरासारखं ठाऊक होतं. मग पुन्हा कुणाला चावेल, कुणाला कळा येतील, आणि बाज कुठंतरी अडेल. त्याला भीती वाटली असं नाही. त्याला फक्त दिसत होतं, बाज कुठं अडेल ती जागासुद्धा.

चौथ्या दिवशी हापशावर भिकाबाईनं पद्माबाईला गाठलं. इतकी वर्षं तिनं तोंड आवरलं होतं, हे तिच्या मते थोरपणच होतं.

"पद्मे, तुझ्या कानावर आलंच आसंल म्हना."

"काय?"

"तेच. पल्याडचं. सवतीचं."

पद्माबाईनं कळशी भरू दिली. "कशी हाये दिसायला?"

भिकाबाई ह्या प्रश्नाला तयार नव्हती. "आता... म्या कुठं पाहिली? गोरी हाये म्हनतेत."

"मंग पाहून येते," पद्माबाई म्हणाली आणि कळशी कमरेवर घेऊन चालू लागली.

गुरुवारी जळबा चढल्यावर तासाभरानं ती निघाली. ज्योतीला नेलं त्या दिवसानंतर ती त्या वाटेला पहिल्यांदाच जात होती. ओट्यावर त्या दिवशी बसायला जागा नव्हती. बाया शेंगा फोडायला म्हणून आल्या होत्या आणि एकीच्याही सुपात शेंगा नव्हत्या. ऊन कललं तेव्हा पद्माबाई उतरताना दिसली. तिच्या लुगड्याला दोन ठिकाणी ओरखडे होते, तोंडावर काही नव्हतं.

"हाये का गं?" भिकाबाईनं विचारलं.

पद्माबाई थांबली. सगळ्यांकडं एकदा बघितलं.

"हाये," ती म्हणाली.

ओट्यावर श्वास आत गेल्याचा आवाज झाला. "कशी हाये?"

"सोताच्या डोळ्यानं पाहा की. पर जाल कशा? वरच्या वळणापासून घाणेरीनं वाट धरली हाये. लुगडं अंगावर राहत न्हाई. आधी ती काढा लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी खडकदरीतल्या तेवीस बाया कोयते, विळे, कुदळी घेऊन पायथ्याशी हजर होत्या. ह्या गावात कुठल्याही श्रमदानाला एवढी गर्दी झाली नव्हती. भिकाबाई गुडघे धरून सगळ्यात पुढं. त्यांनी चर उकरले, दगड हातोहात वर पोचवले, वरच्या वळणाचा बांध पुन्हा बसवला, आणि हे सगळं करताना तोंडं एक क्षण बंद नव्हती. गोरी असेल का सावळी, जळबा तिला काय म्हणून हाक मारत असेल, लेकरं दोन का तीन. जसजशी बातमी जवळ येत होती तसतसं काम वेगानं उरकत होतं. जळबा त्यांच्यात दगड लावत होता आणि त्याच्या आजूबाजूला दोन पावलं सोडून बाया कुजबुजत होत्या. त्यानं ऐकलं नसेल असं नाही.

दुपारी धम्मानंदही आला. त्याची बायको आकांक्षा सकाळपासून डोंगरावर, घरी चूल थंड. "भाकर कुठं ठिवली?" असं विचारायला तो आला होता. आकांक्षानं त्याच्या हातात घमेलं दिलं. "माती वढा. मंग सांगते." त्याच्या मागोमाग, अशाच भाकरी शोधत, आणखी नऊ-दहा पुरुष आले.

तिसऱ्या दिवशी टोळी अंजनापाशी पोचली. एवढा गलका ऐकून धारवाडीची माणसंही वर आली होती. काळ्या धोंड्यापाशी रामकिशन, त्याची बायको रागिणी, आणि काठी टेकत टेकत चांगुणाबाई. म्हातारी पंचाहत्तरीच्या पुढची. तोंडात दात दोन, शिव्या मात्र बत्तीस.

"काय गं भवान्यांनो," ती म्हणाली, "सकाळपून माझ्या शेळ्यांच्या वाडग्याकडं माना लांबवून काय पाहून राहिल्या? बकरं हरवलं का तुमचं?"

भिकाबाईनं म्हातारीकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग तिच्या मागं, मग आणखी मागं. मागं शेळ्या होत्या. ती पद्माबाईच्या कानाला लागली. "हीच?"

पद्माबाई त्या साफ तुकड्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "हा तुकडा कुणाचा?"

"तिकडचा!" खडकदरीवाले सवयीनं ओरडले.

"तुमचा!" धारवाडीनंही सवयीनं सुनावलं, आणि दोन्हीकडं हसू फुटलं.

"माझा," जळबा म्हणाला.

त्याचा आवाज मोठा नव्हता, पण बऱ्याच दिवसांनी आला होता, म्हणून हसू थांबलं.

"म्हंजी?" रामकिशननं विचारलं.

"मापलं तवा दोर वला होता. दवात. वाळल्यावर पुन्हा मापलं, तं तुमच्या धोंड्यापाशी सरला. आमच्याच वाट्याचा हाये हा. माझी चूक."

बऱ्याच जणांना काही उमगलं नाही. त्यांच्या डोक्यात अजून बाई होती. धम्मानंदाला उमगलं. त्यानं डोक्यावरचं घमेलं उतरवून खाली ठेवलं आणि आपला उजवा खांदा, बाजेचा, दुसऱ्या हातानं धरला. मग त्यानं तो सोडला.

जळबाला वाटलं होतं, हे कधी बोललो तर काहीतरी होईल. छाती मोकळी होईल, नाहीतर पाय तरी लटपटतील. तसं काही झालं नाही. समोर अंजन होतं, मागं धोंडा, उन्हात माणसं उभी होती. त्याला तहान लागली होती.

"दादा," रामकिशननं शेवटी काठी ह्या हातातून त्या हातात घेतली, "आता असं करू. पुढल्या सालापासून काम हितूनच काढू. आधी हा तुकडा, दोन्ही गावांनी मिळून. मंग तुमी तिकडं उतरत जा, आमी हिकडं."

"बराबर," जळबा म्हणाला.

"आन् दोर?" भिकाबाईनं विचारलं.

"दोर घाला चुलीत!" चांगुणाबाई म्हणाली. "डोळं न्हाईत का तुमाला? घाण दिसली की काढायची. त्याला माप कशाला लागतंय, मेल्यांनो?"

पुढच्या वर्षापासून तसं सुरू झालं. काम माथ्यावरून निघायचं आणि खाली उतरत जायचं. तुकडा कुणाचा हा सवाल उरला नाही, त्यामुळं एकमेकांची टर उडवायला जुना विषयही उरला नाही. लोकांना काही वर्षं चुकल्या-चुकल्यासारखं होत राहिलं. त्या पावसाळ्यात वाट टिकली. पुढच्याही टिकली. दोन हजार चार साली आकांक्षाला कळा सुरू झाल्या तेव्हा बाज पाऊण तासात अंजनाला आणि त्यानंतर अर्ध्या तासात सडकेला लागली. मुलगी झाली. धम्मानंद पेढे घेऊन आला. जळबानं पेढा तोंडात टाकला आणि चांगला आहे म्हणाला. तो चांगला होता का, हे त्याला सांगता आलं नसतं.

गुरुवार मात्र चालूच राहिले. त्यामुळं कुजबुजही चालू राहिली. डोळ्यांनी पाहून आलेल्या तेवीस बायांपैकी एकीचाही विश्वास ढळला नाही. त्या दिवशी बाईला कुठंतरी लपवलं असणार, असं ठरलं. पद्माबाईला कुणी छेडलं की ती पहिल्यासारखंच "हाये" म्हणायची, आणि पुढच्या होळीला बाया पुन्हा विळे घेऊन यायच्या. दोन हजार सहा साली चांगुणाबाई वारली तेव्हा जळबानं तिला खांदा दिला. भिकाबाईनं लांबून ते पाहिलं आणि त्याचाही काहीतरी अर्थ लावला.

पल्याड बाई कधीच नव्हती. ज्योती गेल्यापासून जळबाला घरात झोप लागत नव्हती. चांगुणाबाईच्या ओसरीत लागायची. दर गुरुवारी काम झालं की तो तिथं म्हातारीच्या घोंगड्यावर दोन तास झोपायचा आणि उठून घरी यायचा. पद्माबाईनं त्या दिवशी जाऊन पाहिलं ते एवढंच. तिनं त्याला उठवलं नाही.